गावात पोरं रिकामी आणि एमआयडीसीत 'ऑपरेटर पाहिजेत'च्या पाट्या: ग्रामपंचायतीनं नेमकं काय करावं?

उपसरपंच, हातकणंगले तालुका (विचारणा)

नमस्कार. मी हातकणंगले तालुक्यातल्या एका गावाची उपसरपंच आहे. शिरोली एमआयडीसी आमच्यापासून मोटरसायकलवर वीस मिनिटांवर. तिथं कुठल्याही गल्लीत शिरा, गेटवर पाट्या लागलेल्या असतात: 'सीएनसी ऑपरेटर पाहिजेत', 'व्हीएमसी सेटर पाहिजे', 'फिटर, कोअरमेकर त्वरित पाहिजेत'. (सीएनसी, व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं; सेटर म्हणजे ती कामासाठी लावून देणारा; कोअरमेकर म्हणजे ओतकामाच्या साच्याचा आतला गाभा करणारा.) काही पाट्यांची अक्षरं उन्हापावसानं उडून गेलीत, तरी त्या उतरलेल्या नाहीत.

आणि आमच्या गावात पहाटे माळावर पोलीस भरतीचं रनिंग, नंतर अभ्यासिका, संध्याकाळी पारावर मोबाईल. पोरं आळशी नाहीत, हे मी ठासून सांगते. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले होते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तरी धावतात, कारण दुसरं काही डोळ्यांसमोर नाही. यात बी.ए., बी.कॉम. झालेले आहेत, आयटीआय इलेक्ट्रिशियन आहेत, डिप्लोमा मेकॅनिकल केलेलेही आहेत.

जिल्ह्याच्या रोजगार मेळाव्याला आम्ही गाडी करून मुलं नेली होती. फॉर्म भरले, फोटो झाले. नंतर काहींना चाकणहून फोन आला. कंत्राटावरचं काम, खोलीभाडं आणि मेस जाऊन हातात फार काही उरेना, म्हणून बहुतेक परत आली. आणि इथं आमच्या बांधाला लागून असलेल्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मोल्डिंग, फेटलिंगला (साचे करायला, ओतलेले नग घासून साफ करायला) बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली मुलं राबतात. त्यांच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, पोटासाठी एवढ्या लांब आलीत. मला फक्त आमच्या पोरांचं कोडं सुटत नाही.

ग्रामपंचायत म्हणून आम्ही काय केलं, तर महिला व बालकल्याणाच्या १० टक्के राखीव निधीतून शिवणवर्ग. दरवेळी शिवणवर्गच. प्रमाणपत्रं वाटली, पण शिवणाचं मशीन रोज चालतंय अशी घरं थोडीच. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एक मुलगा आमच्याच कार्यालयात बसायचा. दाखले, ऑनलाइन नोंदी सगळं चोख करायचा. आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. मुदत संपली आणि तो पुन्हा घरी.

आता एक प्रशिक्षण संस्था आली आहे. म्हणते, ग्रामपंचायतीनं फी भरा, आम्ही तीन महिन्यांत सीएनसी शिकवतो, शंभर टक्के प्लेसमेंट. सरपंच तयार आहेत. माझं मन धजत नाही.

तर प्रश्न असा: आमच्यासारख्या छोट्या ग्रामपंचायतीच्या हातात खरोखर काय आहे? आधी कुणाकडं जायचं, आयटीआयकडं, कारखानदारांकडं की कलेक्टर ऑफिसात? आणि मुलींचं काय करायचं? त्यांचे वडील 'एमआयडीसी' शब्द काढला की उठून जातात.

---

निवृत्त शिल्प निदेशक (टर्नर, मशिनिस्ट)

ताई, त्या संस्थेला आत्ताच हो म्हणू नका. त्यांना इतकंच विचारा की मागच्या दोन बॅचची पोरं आज कुठल्या गेटवर जातात, आणि त्यातल्या दहा जणांचे फोन नंबर द्या. पहिल्या दिवशीच्या नेमणूकपत्राला प्लेसमेंट म्हणण्याची पद्धत पडली आहे. पोरगं सहा महिन्यांनी त्याच मशीनवर उभं असेल तरच ते मोजावं.

मी सरकारी आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालो. आता ओळखीच्या काही कारखान्यांत ऑपरेटरच्या मुलाखतीला मालक मला शेजारी बसवतात. तिथं काय होतं ते सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे.

टेबलावर एक बुश (मध्ये भोक असलेला गोल नग) ठेवलेला असतो. शेजारी ड्रॉइंग, मायक्रोमीटर आणि बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं काट्याचं साधन). ड्रॉइंगवर बोअर (भोक) २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या मध्ये हवा. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) म्हणजे काय विचारलं की पोरगं पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हणतं. मग म्हणायचं, मोजून दाखव. बोअर गेज आधी मायक्रोमीटरवर शून्याला लावून घ्यायचा असतो. निम्मी पोरं इथंच थांबतात. ज्यानं लावला, त्यानं तो बोअरमध्ये घालून हलकेच डोलवायचा आणि काटा जिथून उलटा फिरतो तिथं वाचायचं. समजा २४.९८ आला. आता हा जॉब (म्हणजे नग) रिजेक्ट का रिवर्क (पुन्हा काम करून दुरुस्त)? बोअर लहान आहे, मटेरियल शिल्लक आहे, म्हणजे रिवर्क. मशीनवर काय करशील? 'एक्सच्या वेअर ऑफसेटला ०.०३ वाढवीन, म्हणजे पुढचा २५.०१ ला बसेल.' (वेअर ऑफसेट म्हणजे हत्याराच्या झिजेपोटी मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती.) हे ज्याच्या तोंडून आलं त्याला मालक उद्यापासून ये म्हणतो. सर्टिफिकेटचा रंग बघत नाही.

आता हे शिकवायला पन्नास लाखांचं मशीन लागत नाही. दोन-तीन मायक्रोमीटर, एक बोअर गेज, व्हर्नियर, उजेड असलेली खोली आणि हाताळायला खरे जॉब. खरे जॉब कुठून आणायचे? प्रत्येक मशीनशॉपच्या मागच्या बाजूला लाल रंगाच्या ट्रेमध्ये रिजेक्शन पडलेलं असतं. कुठं ब्लोहोल (ओतकामात राहिलेली पोकळी), कुठं बोअर मोठा झालेला, कुठं फेस (सपाट बाजू) वाकडा. मालक ते वितळवायला परत फाउंड्रीला देतो. त्यातले पंधरा-वीस नग ड्रॉइंगच्या झेरॉक्ससकट मागून घ्या. 'हा का नापास झाला ते शोध' हा धडा माझ्या अनुभवात कुठल्याही पुस्तकापेक्षा पोरांना जास्त पकडतो. आणि मालकाकडं पैसे मागण्याऐवजी भंगार मागितलं तर तो नाही म्हणत नाही. ओळख तिथून सुरू होते.

तुमचा पहिला प्रश्न, आधी कुणाकडं जायचं. कारखान्यांकडं. गेटवर पाटी असलेल्या पंधरा-वीस युनिटची यादी करा आणि स्वतः जाऊन विचारा: किती जागा, कुठलं मशीन, पहिला पगार किती, शिफ्ट कुठली, आणि मागचा माणूस का सोडून गेला? शेवटचा प्रश्न चुकवू नका. मग तालुक्याच्या आयटीआयच्या प्राचार्यांना ती यादी नेऊन द्या. प्राचार्यांकडं येणारे बहुतेक लोक कार्यक्रमाचं निमंत्रण घेऊन येतात. रिकाम्या जागांची यादी घेऊन आलेल्या उपसरपंचाला ते नक्की वेळ देतील.

आयटीआयच्या हातात दोन वाटा आहेत. एक द्वि-प्रशिक्षण पद्धती. यात आयटीआय आणि कारखाना लेखी करार करतात, थिअरी संस्थेत आणि प्रात्यक्षिकाचा मोठा भाग कारखान्यात. एक वर्षाच्या ट्रेडला तीन ते सहा महिने, दोन वर्षांच्या ट्रेडला सहा ते बारा महिने पोरगं शॉपफ्लोअरवर असतं. दुसरी वाट शिकाऊ उमेदवारी, १९६१ च्या कायद्याची. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत (कंत्राटी धरून) तिला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसांच्या युनिटला ऐच्छिक. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन दहावीला ६,०००, बारावी किंवा आयटीआयला ७,०००, डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला ९,००० ठरलं. त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, केंद्र सरकार सोसतं आणि २०२३ पासून तो वाटा थेट पोराच्या खात्यात येतो. ही गोष्ट छोट्या मालकांना माहीतच नसते, किंवा माहीत असली तरी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर बसून करार भरायला त्यांच्याकडं माणूस नसतो. तुमचा तो अकरा महिने दाखले भरणारा मुलगा आठवतो का? दहा युनिटचं पोर्टलचं काम त्याला द्या, प्रत्येकानं महिन्याला थोडे पैसे द्यावेत. एक रोजगार तिथंच झाला.

एक जुनी गोष्टही सांगून ठेवतो. २००७-०८ पासून केंद्रानं देशातल्या १,३९६ आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी बिनव्याजी कर्ज देऊन उद्योगांशी जोडलं. प्रत्येक ठिकाणी संस्था व्यवस्थापन समिती, अध्यक्ष उद्योगातला, २० टक्के प्रवेश समितीच्या हातात. कल्पना उत्तम होती. जिथं अध्यक्ष दर महिन्याला वर्कशॉपमध्ये येऊन 'हे मशीन बंद का?' विचारायचा तिथं आयटीआय बदलली. जिथं बैठक वर्षातून एकदा, चहा-बिस्किटं आणि सह्या, तिथं पैसे बँकेत ठेव म्हणून राहिले. करारपत्र दोन्हीकडं सारखंच होतं. आता केंद्राची पीएम-सेतू योजना आली आहे, ६०,००० कोटींची, हजार आयटीआयसाठी, पुन्हा उद्योगाच्या पुढाकारानं. चांगलंच आहे. पण दर आठवड्याला गेट ते वर्ग आणि वर्ग ते घर अशा चकरा मारणारा माणूस कुठलीच योजना पाठवत नाही. तो गावातून उभा करावा लागतो.

आपल्या कोल्हापुराला हे नवं नाही. उद्यमनगरात म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या माणसांनी कुठली पदवी नसताना इंजिनं उभी केली आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पुढं स्वतःचे कारखाने काढले. तेव्हा मेस्त्री आणि शिकाऊ पोरगं एकाच पेठेत राहायचे, पोराचा बाप मेस्त्रीला ओळखायचा. आज कारखाना शिरोलीत, पोरगं गावात, आणि मध्ये कुणीच नाही. तुम्ही ती मधली जागा घ्या.

---

मशीनशॉपवाला, शिरोली

सरांचं बरंचसं पटलं. मालकाच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण ते कुणी उघड बोलत नाही.

माझं युनिट छोटं. चार सीएनसी, दोन व्हीएमसी, माणसं तीसच्या आत. फाउंड्रीकडून कास्टिंग घेतो, मशीनिंग करून ट्रॅक्टर आणि पंपाच्या कंपन्यांना जॉब देतो. मला ऑपरेटर कायम कमी पडतात. तरी नवीन पोरगं घ्यायला मी कचरतो, त्याची कारणं अशी.

नवा ऑपरेटर पहिल्या महिन्यात इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) फोडतो, कधी टूल चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) धडकवतो. स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) गेला तर माझे दोन महिने त्यातच जातात. ते सोसून त्याला सहा-आठ महिन्यांत तयार केला की पलीकडच्या गल्लीतला महिन्याला दोन हजार जास्त देऊन घेऊन जातो. आम्ही शिकवायचं आणि दुसऱ्यानं न्यायचं. म्हणून गेटवर सगळेच 'अनुभवी पाहिजे' लिहितो. अनुभव द्यायला मात्र कुणीच तयार नाही. सगळी गल्ली अशीच वागली तर अनुभवी माणूस येणार कुठून, हे मलाही कळतं.

म्हणून ताई, तुम्ही एकेका मालकाला भेटू नका. आमच्या गल्लीतल्या सात-आठ जणांना एकत्र बसवा. गावानं बोलावलं तर येतील, आपसात कुणी कुणाला बोलावत नाही. बसल्यावर दोन गोष्टी ठरवायच्या. शिकाऊ पोराला करार संपेपर्यंत कुणी ओढायचं नाही. आणि करार संपल्यावर सरांनी सांगितलेली मोजण्याची परीक्षा पास झाला तर पहिला पगार अमुक एक, सगळ्यांकडं सारखा. हा आकडा पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचा. पुढं वर्षाला काय वाढणार तेही सांगायचं. ऑपरेटरचा सेटर झाला, प्रोग्रॅमिंग शिकला की पगार कुठं जातो हे आम्ही कधी बोलतच नाही. मग पोराला वाटतं की जन्मभर बटण दाबायचं.

पगार कमी आहे हे मी मान्य करतो. डिलिव्हरीचं काम करणारं पोरगं पहिल्या वर्षी माझ्या ऑपरेटरपेक्षा जास्त कमावतं. पण आमचे पैसे कसे येतात तेही बघा. कायद्यानं लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत मिळायला हवं. प्रत्यक्षात ९० दिवस, कधी त्याहून जास्त. पगार मात्र दर महिन्याच्या सात तारखेला. जिल्हा उद्योग केंद्रात, कलेक्टरांच्या जिल्हा कौशल्य समितीत रोजगारावर चर्चा होते तेव्हा या थकलेल्या बिलांचा विषय कुणी काढत नाही. माझं बिल वेळेवर आलं तर मी अजून दोन पोरं उद्या घेतो. तुम्ही लोकप्रतिनिधी आहात, तिथं हे बोला.

एका मुद्द्यावर सरांशी मतभेद आहे. नुसतं मोजायला शिकून चालणार नाही. चालत्या मशीनसमोर पोराची भीती मोडायला हवी. त्यासाठी आमची मशीन रविवारी बंद असतात. जुन्यातलं एक मशीन मी रविवारी सकाळी देतो, माझा सेटर उभा राहील. त्याचा त्या दिवसाचा पगार ग्रामपंचायतीनं किंवा आम्ही गल्लीवाल्यांनी मिळून द्यावा.

आणि अपघात. याची भीती सगळ्यांना असते, म्हणून स्पष्ट लिहितो. रीतसर नोंदणी केलेल्या शिकाऊ उमेदवाराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे. म्हणून कराराशिवाय एकही पोरगं मशीनला हात लावणार नाही, ही अट मालकांनी नव्हे, तुम्ही घाला. आणि रविवारच्या पोरांचा अपघात विमा वर्ग सुरू होण्याआधी.

---

क्वालिटी_इन्स्पेक्टर

ताई, मुलींबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. मी करवीर तालुक्यातली. आयटीआय मशिनिस्ट केलं, वर्गात आम्ही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नंतर एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली, आता तिथंच फायनल इन्स्पेक्शनला कायम आहे.

माझे वडीलही सुरुवातीला नको म्हणत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर एमआयडीसी म्हणजे धूर, काळी माती आणि रात्रीची शिफ्ट. फाउंड्रीत तसं असतंच, खोटं कशाला बोलू. पण मशीनशॉप आणि इन्स्पेक्शन रूम वेगळी असते. आमच्या रूममध्ये एसी आहे. तो माणसांसाठी नाही, जॉब आणि गेजचं माप तापमानानं बदलतं म्हणून २० अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. वडिलांना आमच्या सरांनी एकदा कारखान्यात नेलं. त्यांनी मला ग्रॅनाइटच्या टेबलावर हाइट गेज (उंची मोजायचं साधन) लावताना पाहिलं, सुपरवायझरशी बोलले, स्वच्छतागृह कुठं आहे ते बघितलं, घरी आले आणि आईला म्हणाले, जाऊ दे. म्हणून तुम्ही पोरींना समजावण्यात वेळ घालवू नका, त्या तयार आहेत. बाप आणि भावांना एका दिवशी गाडीत घालून न्या, आणि ग्रामपंचायतीच्या महिला सदस्यांनी सोबत जा.

खरी अडचण बसची. पहिली शिफ्ट सात ते तीन. आमच्या गावातली पहिली एसटी शिफ्टच्या वेळेला पोचायचीच नाही. मुलगे मोटरसायकलवर जातात, आम्हाला कोण गाडी देतं? आमच्यातल्या एकीनं फक्त त्यासाठी काम सोडलं. ती माझ्यापेक्षा हुशार होती, थ्रेड गेज (आटे तपासायचं साधन) लावताना तिचा हात कधी चुकला नाही. आता लग्न होऊन गेली. हे आठवलं की अजून वाईट वाटतं. शेवटी आम्ही उरलेल्यांनी मिळून मॅनेजरला सांगितलं आणि कारखान्यानं शेजारच्या दोन युनिटबरोबर एक टेम्पो ट्रॅव्हलर लावली. तीन युनिटच्या मुली एका गाडीत. हे शिबिरांत कुणी बोलत नाही, पण मुलींसाठी ही गाडी प्रमाणपत्राइतकीच मोलाची आहे.

अजून एक. करारावर सही करण्याआधी मुलींना वाचून दाखवा. शिकाऊ उमेदवाराला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय ओव्हरटाइमला बसवता येत नाही, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. आणि ट्रेडचं काम शिकवण्याऐवजी कुणाला पॅकिंगला किंवा झाडलोटीला लावत असतील तर ते आठवड्याच्या आत कुणाला तरी सांगता यायला हवं. निवृत्त निदेशक सरांनी वर म्हटलेला चकरा मारणारा माणूस मुलींसाठी बाई असावी.

---

शिक्षक, शिरूर तालुका

सगळ्यांनी एमआयडीसीचं लिहिलं, मी थोडं वेगळं लिहितो. आमच्या भागात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अनेक शाळांत आठवी ते दहावीला चालतो. आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, हिमोग्लोबिन तपासतात, माती परीक्षण करतात. शिकवणारे बहुतेक गावातलेच कारागीर. आणि सराव म्हणून काहीतरी करून मोडून टाकायचं नाही. शाळेचा बाक, गावातला पिण्याच्या पाण्याचा नळ, कुणाचं तरी गेट, असं खरं काम करायचं आणि त्याचे पैसे शाळेला घ्यायचे.

तुमचे तेवीस-चोवीस वर्षांचे तरुण पहिल्यांदा मायक्रोमीटर हातात धरणार आहेत. तेराव्या वर्षी धरला असता तर त्यांनी बी.ए.ला प्रवेश घेताना वेगळा विचार केला असता. तुमच्या गावच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनाही त्या बैठकीला बोलवा. आणि तो रिजेक्ट जॉबचा ट्रे आधी नववीच्या वर्गात जाऊ द्या, पोरं अक्षरशः तुटून पडतील.

---

उपसरपंच, हातकणंगले तालुका

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. त्या संस्थेकडं फोन नंबर मागितले. पाठवतो म्हणाले, अजून आलेले नाहीत. सरपंचांना हा धागा वाचून दाखवला, त्यांनी फीचा ठराव पुढं ढकलला.

काल मी आणि आमच्या एक सदस्या शिरोलीत एका गल्लीत फिरलो. 'मागचा माणूस का सोडून गेला?' या प्रश्नावर एका मालकांनी सुरुवातीला उत्तर दिलं नाही. मग बाहेर सोडायला आले आणि म्हणाले, फोरमन फार शिव्या देतो, त्याला मी बोलू शकत नाही, तो गेला तर कारखाना बंद पडेल. हे कुठल्या सर्वेक्षणात येणार होतं?

आता अडचण पैशांची आणि कागदाची. मायक्रोमीटर, बोअर गेज, विमा, सेटरचा रविवारचा पगार हे कुठल्या निधीतून दाखवायचं? ग्रामसेवक म्हणतात, ऑडिटला अडकेल. आणि बससाठी पत्र कुणाला द्यायचं?

---

निवृत्त शिल्प निदेशक (टर्नर, मशिनिस्ट)

ग्रामसेवकांची भीती रास्त आहे, त्यांना दोष देऊ नका. वित्त आयोगाच्या पैशाला हात लावू नका. त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला आहे. मुलींच्या गटाचा खर्च तुम्ही शिवणवर्गाला वापरता त्याच महिला व बालकल्याणाच्या १० टक्क्यांतून करता येईल का, हे गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी मार्गदर्शन घेऊन ठरवा. ग्रामसभेचा ठराव आधी करा आणि त्यात 'मापन व तपासणी कौशल्य प्रशिक्षण' असं स्पष्ट नाव लिहा. मागासवर्गीयांच्या १५ टक्के राखीव निधीतून त्या मुलांचा खर्चही तसाच विचारून घ्या. उपकरणं ग्रामपंचायतीच्या जडवस्तू नोंदवहीत चढवा आणि हायस्कूलच्या कपाटात ठेवा, म्हणजे शिक्षकांनी सुचवलेलं कामही होईल.

बोअर गेज नवा घेण्याआधी मशीनशॉपवाल्या दादांना विचारा. कारखान्यांत दरवर्षी कॅलिब्रेशन (उपकरणांच्या अचूकतेची तपासणी) होतं, त्यात एखाद्या मायक्रॉननं बाद ठरलेली उपकरणं उत्पादनाला चालत नाहीत. शिकायला ती उत्तम. सेटरचा पगार पंचायतीकडून काढायच्या भानगडीत पडू नका, तो गल्लीतल्या मालकांनी वर्गणीनं द्यावा. त्यांनीही थोडं गुंतलेलं बरं.

शिव्या देणाऱ्या फोरमनचं तुम्ही जे ऐकलंत ते मी आयुष्यभर ऐकलं आहे. त्या कारखान्यात पहिली बॅच पाठवू नका. बाकीच्या युनिटमध्ये पाठवा, आणि त्या मालकांना वर्षभरानं येऊन बघू द्या. दादांनी सुचवलेल्या बैठकीला मात्र त्यांना बोलवा.

पहिली बॅच आठ-दहा जणांची ठेवा, जास्त नको. पोलीस भरतीची तयारी सोड असं कुणालाही म्हणू नका. पहाटे पळायचं ते पळू दे, दुपारी तीनला वर्ग ठेवा. आईवडिलांची पण तेवढीच अट असते.

बसचं पत्र एसटीच्या आगार व्यवस्थापकांना. पत्रात मागणी मोघम लिहू नका. शिफ्ट किती वाजता सुरू होते आणि सुटते, कुठल्या थांब्यावर किती प्रवासी, त्यात मुली किती, मासिक पास किती जण काढणार, हे तक्त्यात द्या. सोबत तीन-चार कारखान्यांची लेटरहेडवरची पत्रं जोडा. प्रत आमदारांना आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राला. बस सुरू होईपर्यंत त्या मुलीनं सांगितली तशी सामाईक गाडी लावता येईल का, ते पहिल्याच बैठकीत विचारा. मी गुरुवारी शिरोलीत असतो. बैठक त्या दिवशी ठेवलीत तर मुलाखतीचा तो बुश आणि गेज घेऊन येतो, मालकांसमोर एका पोराकडून करून घेऊ.